भावाच्या हातावर मीठ

मथुराबाईच्या हातचं पाणी प्यायचं तर आधी तिची बोलणी खावी लागत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, म्हणजे कोक ओव्हनमध्ये, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. भट्टीच्या माथ्यावरून माणूस उतरायचा तो घामानं निथळत, तोंडाला फडकं बांधलेला, लाकडी तळाचे जोडे खडखड वाजवत. दुसरे कुठलेच जोडे त्या माथ्यावर टिकत नसत. असा माणूस माठापाशी येऊन "पानी" म्हणाला की बाई म्हणायची, "हात."

गिलास नंतर. आधी हात उघडायचा. बाई डब्यातून मिठाची गोळी काढायची, आपला डावा हात त्याच्या हाताखाली धरायची, उजव्यानं गोळी तळव्यावर ठेवायची आणि वरून त्याची बोटं मिटवायची. मग पाणी. कोणी गोळी हळूच खिशात सरकवली, की झालंच त्याचं कल्याण! "काढ ते! गिळ मायासमोर! घरी नेऊन वरणात टाकतं का रे मुडद्या?" सरदारजी असो, तेलुगू असो, की रायपूरकडचा छत्तीसगढिया असो, बाईच्या तोंडाला सगळे सारखे. 'नमकवाली बाई' हे नाव सगळ्यांनी मिळून पाडलं होतं.

एखादा नवा गडी, तोही आपल्या विदर्भाकडचा असला तर, हसून म्हणायचा, "बाई, हातावर मीठ देऊ नये म्हणतात न. भांडण होते."

एरवी एकाला चार ऐकवणारी बाई तेवढ्यापुरत्या शिव्या विसरायची. मग म्हणायची, "होऊ दे." आणि त्याची बोटं जरा जास्तच जोरात मिटवायची.

लोकांना वाटे, काय जीव लावते बाई! तिचा कडकपणा, ते हात धरणं, सगळं मायेच्या खात्यात धरत. तिला ते ऐकवत नसे. कोणी तोंडावर कौतुक केलंच तर ती माठातलं पाणी बघायला वळायची. त्याचं कारण सांगायचं तर भट्ट्या पेटल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात जावं लागेल.

मथुरा भंडाऱ्याकडची, वैनगंगेकाठच्या गावातली, कुणब्याची लेक. नवरा भय्याजी, गरीब स्वभावाचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कारखाना उभा होऊन राहिला, माणसं पाहिजेत, अशी बातमी गावात आली तेव्हा दोघं निघून आले. आधी कॅम्पातल्या पत्र्याच्या झोपडीत राहिले. तिनं डोक्यावरून विटा वाहिल्या, त्यानं खड्डे खणले. मग भय्याजी फिटरच्या हाताखाली लागला, सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं, आणि मथुराला कोक ओव्हनमध्ये पाणी पाजायचं काम लागलं. ती खूश. म्हणायची, "विटा वाहून पोट भरते, पाणी पाजून पुण्य बी भेटते."

आणि खरं सांगायचं तर भिलाईत आल्यावर तिचं बरंच काही सुटलं होतं. गावी असती तर कोणाच्या हातचं पाणी चालतं, कोणाचं नाही, याचा हिशेब डोक्यात पक्का असता. इथं देशभरातले लोक. कोण कुठला, कोणाचा कोण, काय पत्ता! सगळे एकाच माठाचं पाणी पीत, एकाच गिलासानं पीत. तिनंही कधी नाक मुरडलं नाही. पण नाक मुरडायला आधी समोरचा कोण ते ठाऊक तर पाहिजे. ठाऊक नव्हतं, तोवर बाई मोठ्या मनाची होती.

होळी होऊन गेली आणि माथ्यावर एक नवा गडी आला. उंच, सडसडीत, खांदे रुंद. माठाशी येऊन म्हणाला, "पाणी द्या जी. लय तहान लागून राहिली."

ते 'जी' ऐकलं आणि मथुराचे कान टवकारले. "कोणतं गाव रे बापा?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. तिचंच माहेर! मथुराला एवढा आनंद झाला की हातातला गिलास हिंदकळला. माहेरचं कुत्रं भेटलं तरी बाईमाणसाला बरं वाटतं, हा तर बोलताचालता माणूस.

"माय वं! आणि कोणाचा रे तू?"

गावाकडं हा प्रश्न असाच विचारतात. नाव नाही विचारत, कोणाचा ते विचारतात. भिलाईत तो कोणी कोणाला विचारत नव्हतं. त्यालाही बहुधा बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. तोंडावरचं फडकं त्यानं खाली ओढलं. मग सरळ तिच्याकडं बघत म्हणाला, "चिंधूचा. तेजराम."

चिंधू. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला चिंधू. तिच्या बापाच्या अंगणात यायचा तर पायरीखाली उभा राहायचा. मथुराच्या तोंडावरचं हसू होतं तिथंच राहिलं, खाली उतरलं नाही आणि वरही चढलं नाही. तेजराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला होता. गावाकडं कोणी जात विचारली तर "होती" एवढंच म्हणायचा. पण मथुराच्या डोक्यातला ओढा अजून आटलेला नव्हता.

मिठाच्या गोळ्यांचा डबा तिच्यापुढं उघडा होता. उन्हाळा लागला तसा साहेबांनी हुकूम काढला होता, की पाण्यासोबत प्रत्येकाला गोळी द्यायचीच. तेजरामनं इतरांसारखा डब्याकडं हात केला. आणि मथुरानं डबा मागं ओढला.

विचार करून नाही ओढला. चुलीवर हात पडावा तसा हात आपोआप मागं आला. पण आला. तेजरामचा हात तिथंच हवेत राहिला. आता काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तिच्या जिभेला शब्द कधी कमी पडत नसत.

"थांब रे!" ती हसून म्हणाली. "तू माहेरचा, म्हणजे माया भाऊ झाला. भावाच्या हातावर मीठ देऊ नये, भांडण होते. तुले मी पाणीच जास्त देते. ओंजळ कर, गिलासानं कितीक जाते पोटात?"

तेजरामनं तिच्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. मग ओंजळ केली. मथुरानं वरून धार धरली. तो पोटभर पाणी प्यायला आणि "बरं हाये, बाई" म्हणून निघून गेला.

मथुरा स्वतःवरच खूश झाली. काय बाई झटकन सुचलं! रिवाजच तो, खोटं तर काही बोलले नाही. मग तेच रोजचं झालं. बाकीच्यांना गोळी आणि गिलास, तेजरामला ओंजळ आणि धार. मनात कुठंतरी टोचायचं, म्हणून ती त्याला सगळ्यांपेक्षा जास्त पाणी पाजायची. तो पुरे म्हणाला तरी "घे रे, माहेरचा माणूस तू" म्हणून आणखी ओतायची. बघणारे म्हणत, "बाईचा भाऊ आहे, लाड चालले आहेत." त्यानं गोळी पुन्हा मागितली नाही. तीही त्या गोष्टीवर गेली नाही.

वैशाखात त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. माठाशी येऊन खाली बसायचा आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबायचा. मथुरा म्हणायची, "पाणी कमी पडून राहिलं तुले." आणि आणखी पाजायची. घरी रुक्मा, म्हणजे त्याची बायको, झणझणीत रांधायची, चटणी-भाकर वाढायची. त्या घरच्या मिठावर गडी कसाबसा तगून होता.

एक दिवस जोडीचा माणूस आला नाही म्हणून तेजराम दुसऱ्या पाळीलाही माथ्यावरच राहिला. वरून सूर्य, खालून भट्टी. लूचा तापलेला वारा असा की तोंडावर कोणी तवा धरावा. जेवणाचा डबा त्यानं उघडलाच नाही, घास जात नव्हता. पाणी मात्र पिऊन राहिला होता, आणि मथुरा पाजून राहिली होती. दुपार उतरता उतरता तो आला आणि म्हणाला, "बाई, डोकं फुटून राहिलं." त्याची नजर कुठंच ठरत नव्हती. मथुरानं त्याला आणखी एक ओंजळभर दिलं. ते त्यानं ओकून टाकलं. तिनं पुन्हा दिलं. मग तो तिला 'माय' म्हणाला, तिच्याच गावातल्या ओढ्याला पूर आला का ते विचारलं, आणि धाडकन पडला. हातपाय झाडायला लागला. तोंडातून फेस आला, आणि फेसाबरोबर रक्त.

कारखान्याच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. माहेरचा माणूस म्हणून मथुरा सोबत गेली. डॉक्टर बंगाली, तरुण, चश्मेवाला. त्यानं तेजरामची पापणी वर केली आणि विचारलं, "पानी पिया था?"

मथुरा पुढं झाली. तिला वाटलं, आपली बाजू भक्कम आहे. "मोप जी! मीच तर पाजलं. सगळ्यांहून दुप्पट."

"और नमक?"

मथुरानं डोक्यावरचा पदर उगाच पुढं ओढला.

"नमक की गोली? ली थी कि नहीं?"

सोबतचा सुपरवायझर म्हणाला, "बाई सबको देती है, साब. डब्बा इसी के पास रहता है."

आता सगळे तिच्याकडं बघत होते. एक 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण तिच्या तोंडातून आलं ते असं, "गोळ्या होत्या जी. डब्यात होत्या."

खोटं नव्हतं. डब्यात होत्याच की! आयुष्यभर तिला त्या एका वाक्याची किळस यायची. डॉक्टरनं तिच्याकडं नीट पाहिलं, आणखी काही विचारलं नाही. नर्सला म्हणाला, मिठाच्या दाट पाण्याची बाटली लाव, अगदी हळूहळू जाऊ दे, आणि साधं पाणी याला घोटभरही द्यायचं नाही. मथुराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. घामानं सुकलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही?

तेवढ्यात रुक्मा आली, पदर विस्कटलेला, पायात काही नाही. नवऱ्याकडं बघून तिनं तोंडात पदर कोंबला. मग मथुराला ओळखून तिनं हात जोडले. "बाई, तुमीच न आमच्या गावच्या? हा रोज सांगते जी घरी. म्हणते, आपल्या गावची बाई मले सगळ्यांहून जास्त पाणी पाजते. तुमी होत्या म्हणून आज इथवर तरी पोचला. तुमचे उपकार कसे फेडू?"

म्हणजे तेजरामनं घरी मिठाचं काही सांगितलं नव्हतं. पाण्याचंच सांगितलं होतं. मथुरानं ते जोडलेले हात खाली करायला हात पुढं केला, आणि तो अर्ध्यातच थांबला. आता या बाईला शिवायचं की नाही, हा विचार अशा वेळीही आधी आला! स्वतःची तिला शिसारी आली. ती भिंतीला टेकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ती पुन्हा गेली. तेजरामला झटके यायचे थांबले होते, पण शुद्ध आली नव्हती. डॉक्टर बाहेर आला तशी तिनं त्याला गाठलंच. "साहेब, पाण्यानं माणूस कसा पडते? मले समजून सांगा."

डॉक्टर थकलेला होता, पण भला होता. बाकावर बसला आणि आपल्या बंगाली हिंदीत सांगायला लागला. अंड्याच्या कवचाखाली पातळ पापुद्रा असतो, पाहिलाय? माणसाचं सगळं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं, आणि प्रत्येक पेशीला त्याहूनही पातळ पापुद्रा असतो. तो भिंतीसारखा बंद नसतो, त्याला दारं असतात. पाणी आपल्यापरीनं येतं-जातं, त्याला फार कोणी अडवत नाही. मिठाचं तसं नाही. तुमच्या कारखान्याच्या गेटवर पास बघून सोडतात तसं मिठाला दारावर अडवतात. आत शिरलंच तर पेशी आपल्या अंगची ताकद खर्च करून त्याला बाहेर ढकलते. म्हणून मीठ जास्त करून बाहेर, रक्तात राहतं.

"आणि पाण्याची खोड अशी," तो म्हणाला, "जिकडं मीठ-साखरेनं दाट जास्त तिकडं ते जातं. घरी किशमिश पाण्यात टाकता, ती फुगते ना? तसंच. या माणसाच्या घामातून बाहेरचं मीठ निघून गेलं. वरून साधं पाणी पोटात गेलं, पुन्हा गेलं, पुन्हा गेलं. बाहेरचं रक्त झालं पातळ, आतली पेशी राहिली त्याहून दाट. मग पाणी शिरलं आत. पेशी फुगल्या. हाताच्या, पायाच्या फुगल्या तर चालून जातं. मेंदू हाडाच्या डब्यात बंद असतो. तो फुगून कुठं जाणार?"

"म्हणजे पाणी नसतं दिलं तर..."

"पाणी तर द्यायलाच हवं होतं. पाण्यासोबत मीठ द्यायला हवं होतं. एक गोळी, बस." डॉक्टर उठला. "गोळी का नाही घेतली त्यानं, हेच मला समजत नाही. मूरख आदमी."

"तो मूरख नाही जी," मथुरा म्हणाली. पण तोवर डॉक्टर आत गेला होता, आणि तिनं आवाज काही वाढवला नाही.

घरी आली तर चुलीपाशी पातेलं झाकून ठेवलेलं. सुपेल्याच्या बाजारातून आणलेल्या कैऱ्यांच्या फोडी सकाळी मीठ लावून ठेवल्या होत्या. झाकण काढलं तर फोडी मलूल पडलेल्या आणि तळाशी पाणीच पाणी. मीठ बाहेर, म्हणून पाणी बाहेर आलेलं. लहानपणापासून दर उन्हाळ्यात ती हे बघत आली होती. तिथं मीठ होतं म्हणून पाणी बाहेर आलं, तेजरामच्या अंगात मीठ नव्हतं म्हणून ते आत शिरलं. त्याला पाणी मोकळं सोडलं होतं तिनं, आणि मीठ दारावर अडवलं होतं. पातेल्यापाशी बसून मथुरा हमसून हमसून रडली.

भय्याजी घाबरला. तिनं त्याला सगळं सांगितलं, डबा ओढल्यापासून. तो अंगठ्यानं जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "झालं ते झालं. मुद्दाम थोडीच केलं तू? आणि कोणाले काय ठाऊक हाये? बोलशीन तर नोकरी जाईन. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. बायकोची काळजी होती, बस. मथुरालाही ते हवंहवंसं वाटलं, आणि याचाच तिला जास्त राग आला. ती रोज दवाखान्यात जायची, दारातून बघायची, रुक्माला दिसायच्या आत परत फिरायची. मनात एकच घोकायची, हा मरू नये. मग घोकताना लक्षात यायचं, की तो मरू नये ते त्याच्यासाठी की आपल्या डोक्यावर हत्या नको म्हणून, हे तिचं तिलाच सांगता येत नाही.

तेजराम वाचला. पण झटक्यात त्याची जीभ चावली गेली होती, दातांनी पार कापली होती. बोलणं जड झालं. उजवा हात थरथरायचा, भट्टीच्या तोंडावरचं झाकण उचलायचं बळ आणि भरवसा दोन्ही त्यात राहिलं नाही. माथ्यावरचं काम सुटलं. नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवर बसून करायचं हलकं काम आहे, तिकडं जातो म्हणाला. कोक ओव्हनमध्ये बातमी आली तेव्हा सगळे हळहळले. मथुरानं त्या दिवशी माठ घासला तो घासतच राहिली.

पाळी संपल्यावर ती घरी न जाता कॅम्पात गेली. काय बोलायचं ते वाटभर जुळवत होती. तेजरामच्या झोपडीत सामान बांधून ठेवलेलं होतं, भिंतीवर बुद्धाची तसबीर तेवढी काढायची राहिली होती. तेजराम भिंतीला टेकून बसलेला. रुक्माला तर काय करू नि काय नको झालं.

"या जी, बाई, या! कितीक दिवस म्हणून राहिली मी, त्याईले बोलवा म्हणून." मग जरा चाचरत म्हणाली, "स्वयंपाक झालाच हाये. आमच्या घरचं... जेवान का?"

"वाढ," मथुरा म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा ती अशा घरी ताटावर बसली. भाकर आणि वांग्याची भाजी. पहिला घास तोंडात घातला आणि ती थांबली. भाजी अळणी होती.

"अवं, सांगायचं राहिलं!" रुक्मा घाईनं म्हणाली. "याची जीभ अजून चुरचुरते जी मिठानं. म्हणून भाजी अळणी करते. याले डॉक्टरनं सांगतलेलं मीठ पेजेत घालून हळूहळू पाजते. थांबा, तुमाले देते." तिनं मिठाची वाटी आणली. मथुरानं हात पुढं केला. रुक्मा हसली, "हातावर नाही जी देत. भांडण होते म्हणतात." आणि ताटाच्या काठावर चिमूट ठेवून ती पाणी आणायला बाहेर गेली.

म्हणजे रिवाज खराच होता. त्यांच्याकडंही तोच होता. मथुराला वाटलं, एवढ्यावर निभावून नेता येईल. मन किती बेरकी असतं! आणि तेव्हाच तिनं मान वर केली, तर तेजराम तिच्याकडंच बघत होता.

"तेजराम, मले सांगायचं हाये," ती म्हणाली. "त्या दिवशी डबा मी..."

"ठाऊक हाये." जड जिभेनं तो एकेक शब्द सावकाश बोलत होता. "तवाच समजलं. भावाच्या हातावर मीठ नाही देत, मान्य. पण बहीण भावाले पाणी वरून नाही वतत, बाई."

मथुरानं घास ताटात ठेवला. "मग मागितलं कावून नाही रे? भांडला कावून नाही? साहेबाले सांगतलं असतं, मायी नोकरी घालवली असती, पण जीव तर..."

"सांगतलं असतं तर साहेबानं विचारलं असतं, बाई तुले का देत नाही? मग सगळ्याईले समजलं असतं." त्यानं थुंकी गिळली. "इथं कोणाले ठाऊक नव्हतं. सरदार माया डब्यातली भाकर खाये. ठाऊक होतं ते तुमा एकटीले. तुमी कोणाले बोलल्या नाहीत, तेवढं बरं केलं. म्हणून मी बी नाही बोललो. पाणी पेत राहिलो."

बाहेर रुक्मा घागरीतून पाणी काढत होती, त्याचा आवाज येत होता. मथुरानं ताटाच्या काठावरचं मीठ चिमटीत घेतलं, पुढं सरकली, तेजरामचा थरथरता हात आपल्या डाव्या हातात धरला आणि ते मीठ त्याच्या तळव्यावर ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"घे. ठेवलं हातावर. आता भांड. शिव्या दे मले, तोंडावर थुंक, पण भांड रे मायासंग."

तेजरामनं तळव्यावरच्या मिठाकडं पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं झालं असतं.

"भांडण घरच्या माणसासंग होते, बाई," तो म्हणाला. आणि हात कलता करून त्यानं ते मीठ पुन्हा तिच्या ताटात, होतं त्या जागी, ओतून दिलं. थोडं त्याच्या तळव्याच्या घामाला चिकटून राहिलं, ते त्यानं धोतराला पुसलं.

रुक्मा पाण्याचा गिलास घेऊन आली. मथुरानं ते मीठ भाजीत कालवलं आणि खाली मान घालून घास तोंडात घातला.

"आता लागते न जी बरोबर?" रुक्मानं विचारलं.

मथुरानं मान हलवली, आणि ताटातलं सगळं संपवलं.